चोवीस चिचोके

लटारू पचारे वाटे पाडायचा तेव्हा कोणी बोलत नसे.

तलावातून जाळं ओढून झालं की मासोळी बांधावर, म्हणजे पाळीवर ओतायची. मरळ वेगळी, शिंगाळा वेगळा, बारीक चिल्लर वेगळी. मग लटारू गुडघे टेकून बसायचा आणि चौदा वाटे मांडायचा. ढिवरटोली ही मासेमारांची वस्ती; घरं चौदा, म्हणून वाटे चौदा. कोणाच्या घरी नऊ माणसं असोत की एक, वाटा एकच. चार तरणी पोरं असलेल्या लहानूला जेवढा मिळे, तेवढाच एकट्या कमळाबाईला. कमळाबाईचा नवरा तलावातच गेला होता. त्या दिवसापासून तिचा वाटा कोणी अर्धा केला नाही.

वाटे मांडून झाले की एकजण तलावाकडे तोंड करून, वाट्यांना पाठ करून बसे. लटारू एका वाट्यावर बोट ठेवी आणि विचारी, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस एक नाव घेई. वाटा त्याचा. मोठा निघाला तरी त्याचा, लहान निघाला तरी त्याचा. ज्याची पाठ आहे त्याला कोणाची भीड नाही, असं लटारू म्हणायचा. चाळीस वर्षं तो वाटे पाडत होता. त्यावरून टोलीत एकदाही भांडण झालं नव्हतं. एवढी एकच गोष्ट तो स्वतःबद्दल सांगे.

मुरमबोडी गाव तलावाच्या अलीकडे. ढिवरटोली पलीकडे. मध्ये पाळ, आणि पाळीच्या टोकाला सांडवा. जूनच्या अखेरीस तलाव भरला की सांडवा वाहायला लागे, तो दिवाळीपर्यंत. गावातली शाळा सांडव्याच्या त्या बाजूला. मोठी माणसं कंबरभर पाण्यातून जात. लहान पोरं जाऊ शकत नसत. त्यांची चार महिने शाळा बुडे. हजेरी भरली नाही म्हणून शाळेतून मिळणारे महिन्याचे तांदूळही बुडत. पाचवीच्या पुढे टोलीतलं एकही पोर गेलं नव्हतं. लटारू स्वतः तिसरीपर्यंत शिकला होता.

त्याची नात रोशनी सात वर्षांची होती. तिची आजी मैना वारल्याला तीन वर्षं झाली होती. मुलगा अमर आणि सून गडचांदूरला चुनखडीच्या खाणीवर कामाला. पोरगी लटारूजवळ. पावसाळ्यात तो तिला डोंग्यात बसवून पलीकडे नेई. पण डोंगा एक, पोरं सतरा, आणि सकाळची वेळ जाळं ओढायची. मासोळी थांबत नाही. आठवड्यातून दोन दिवस शाळा झाली तर झाली.

दोन हजार एक साली अमर पोळ्याला आला तेव्हा बापाला म्हणाला, "बाबा, तिथी शाळा दोन पावलावर आहे. पोरगी घेऊन जातो."

"इथी बी होते शाळा."

"कवा?"

लटारूनं सांगितलं. सरकारची वस्तीशाळा म्हणून योजना निघाली आहे. पंधरा पोरं असली की टोलीतच शाळा देते. एक खोली, एक शिकवणारा. आपल्याकडं सतरा आहेत. फक्त गावच्या शिक्षण समितीचा ठराव पाहिजे.

"मंग घ्या ना ठराव."

"घेऊन राह्यलो."

अमर हसला. बापाची चेष्टा म्हणून नाही. "दिवाळीपर्यंत पाह्यतो, बाबा. नाई झालं तर नेतो."

ठराव घेणं लटारूच्या हातात नव्हतं. शिक्षण समितीत सात जण. गावात सहा मोहल्ले, त्यांचा एकेक, आणि वर अध्यक्ष गुणवंतराव. टोलीचा कोणी नव्हता. लटारूनं तीनदा अर्ज दिला. तिन्ही वेळा उत्तर एकच. अर्ज चांगला आहे, पण बैठकीत विषय मांडायला सभासद लागतो. गुणवंतराव वाईट माणूस नव्हते. धानाची चाळीस एकर शेती होती, गावातली निम्मी माणसं त्यांच्या बांधीत धान लावायला, रोवणीला जात. पण टोलीला शाळा निघाली तर गावच्या शाळेतली सतरा पोरं कमी होतील, आणि पोरं कमी झाली तर एक मास्तर कमी होईल, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ते अगदी खोटंही नव्हतं.

सप्टेंबरात ग्रामसेवकानं चावडीवर एक कागद लावला. लटारूनं तो एका पोरीकडून दोनदा वाचून घेतला. समिती नव्यानं करायची होती. सभासद सात ठेवायचे की अकरा करायचे, ते दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेनं ठरवायचं होतं. अकरा झाले तर एक सभासद टोलीचा.

तो महिना लटारू घराघरात फिरला. टोलीत फिरायची गरज नव्हती, टोली त्याचीच होती. तो गावात फिरला. रोवणी करणाऱ्यांच्या घरी, बिडीपत्ता तोडणाऱ्यांच्या घरी. लोक चहा देत. होकारही देत. एकजण मात्र खरं बोलला. डोमा त्याचं नाव, गुणवंतरावांचा सालदार.

"लटारूभाऊ, तुझं बरोबर आहे. पण हात वर कराचा म्हणजे गुणवंतरावाच्या डोया म्होरं कराचा. मले उद्या त्याच्याच बांधीत जाचं आहे ना बाप्पा."

परतताना लटारू सांडव्याशी बराच वेळ उभा राहिला. काठाशी पाणी घोट्यावर होतं, थंड. तिथेच त्याला सुचलं.

ग्रामसभा शाळेच्या ओसरीत भरली. एकशे वीस माणसं आली. एवढी कधी येत नसत. टोलीतून अडतीस जण आले. म्हाताऱ्यासुद्धा सांडव्यातून लुगडी वर खोचून आल्या. रोशनी लटारूच्या खांद्यावर बसून आली.

ग्रामसेवकानं कागद वाचला. गुणवंतराव खुर्चीवरून उठले.

"सात बरे आहेत. सात माणसं एका खाटेवर बसतेत. अकरा झाले का क्रिकेटच खेळा लागते."

लोक हसले. लटारू मागून म्हणाला, "मंग बारावा पाणी घेऊन येते, गुणवंतराव. तो तरी आमच्या टोलीचा ठेवा. पाण्याची सवय आहे आमाले."

आता जास्त हसले. गुणवंतरावही हसले.

"हात वर करा मंग," ग्रामसेवक म्हणाला.

"साहेब, एक सांगतो," लटारू पुढे आला. "आमी टोलीत पाठ करून वाटे पाडतो. कोणाले कोणाची भीड नाई राहात. तसंच करू. दोन मडकी भिंतीमागं ठेवा. एक सातचं, एक अकराचं. ज्याले त्याले एकेक चिचोका द्या. तो जाईन, टाकन, येईन. कोणी पाह्यणार नाई."

ग्रामसेवकानं गुणवंतरावांकडे पाहिलं. गुणवंतरावांना नाही म्हणता येईना. नाही म्हटलं तर लोक म्हणाले असते, घाबरला. "करा," ते म्हणाले. "मले काय. माह्या खिशातून थोडेच चिचोके जातेत."

भिंतीमागे शाळेच्या एका पेटीवर दोन मडकी मांडली. सातच्या मडक्याला चुन्याचे सात ठिपके, अकराच्या मडक्याला अकरा. मागच्या उन्हाळ्याचे चिचोके कोणाच्या तरी घरून आले. ग्रामसेवकानं सह्या आणि अंगठे घेऊन प्रत्येकाच्या हातात एकेक दिला. एकशे वीस.

आधी गावातली माणसं गेली. लटारू ओसरीच्या खांबाशी उभा होता. डोमा भिंतीमागे गेला आणि परत आला. येताना त्यानं लटारूकडे पाहिलं नाही, पण चालता चालता पागोट्याचा शेमला झटकला. लटारूला कळलं. आणखी काहीजण तसेच आले. डोळे खाली, पण पाय हलके. लटारूला वाटलं, काम होते. आज होते.

त्याच वेळी टोलीच्या बाया त्याच्याजवळ आल्या. कमळाबाई पुढे.

"लटारूभाऊ, कसं टाकाचं?"

लटारूचं लक्ष भिंतीकडे होतं. कोण गेलं, कोण आलं, ते तो मनात मोजत होता.

"आपल्या वाट्यावाणी," तो म्हणाला. "तसंच. अकराच्या मडक्यात."

बायांनी माना हलवल्या. टोलीची माणसं भिंतीमागे गेली. ती भराभर परत आली. इतक्या लवकर कशी आली, असं लटारूच्या मनात आलं. पण तेवढंच.

मडकी सतरंजीवर ओतली. ग्रामसेवक दहा-दहाचे ढीग करत होता.

सातच्या मडक्यात बावन्न.

अकराच्या मडक्यात चव्वेचाळीस.

ग्रामसेवकानं पुन्हा मोजलं. तेवढेच. त्यानं वहीत पाहिलं. "चोवीस जणांनी टाकलेच नाई," तो म्हणाला. "तटस्थ." त्यानं तसं लिहिलं. खाली सही केली, गुणवंतरावांची घेतली.

लोक उठले. गुणवंतराव लटारूच्या जवळून जाताना थांबले. आवाजात टोमणा नव्हता, कीव होती.

"चांगलं लढला, लटारू. पण तुही टोलीच तुह्यासंगं नवती रे. आमच्यातले तीस फुटले, मले कळलं. पण तुह्याच माणसाइनं पाठ दाखवली, भराभर परत आले तवाच समजलं."

लटारू तिथेच उभा राहिला. त्याला काही उमगत नव्हतं. टोली त्याच्यासोबत नाही, हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

परतताना सगळी सांडव्यापाशी आली. दुपार कलली होती. पाण्यात उतरण्याआधी कमळाबाईनं पदराची गाठ सोडली आणि त्याच्यासमोर धरली. पदरात चिचोके होते.

"हे उरलेले, भाऊ. सगळ्या घरातले गोळा केले. वाया काऊन घालाचे."

लटारूनं हात पुढे केला. तिनं ओंजळ ओतली.

"कायचे?"

"आमी दर घरामागं एकच टाकला ना. वाट्यावाणी. माहा एकटीचा एक, लहानूच्या घरचा एक. लहानूची बायको घरातले बाकीचे बी टाकून राह्यली होती, मी हात धरला. म्हटलं, लोकं म्हणतीन ढिवर लबाड आहेत. एका घराचे पाच पाच टाकतेत."

तिचा चेहरा अगदी स्वच्छ होता. तिनं टोलीची इज्जत राखली होती.

"बरोबर पडला ना, भाऊ?"

लटारूनं मूठ मिटली. बाकीचे पाण्यात उतरले होते. कोणीतरी कोणाला तरी शिंतोडे उडवत होतं. एक म्हातारी घसरली, सगळे हसले. आठ चिचोक्यांनी ते हरले होते, आणि चोवीस त्याच्या मुठीत होते.

"बरोबर पडला," तो म्हणाला. "गाव जास्त होतं. माणसं जास्त आहेत त्याइची."

रोशनीला त्यानं खांद्यावर घेतलं आणि पाण्यात पाय टाकला.

मंगळवारी ग्रामसेवक यायचा. लटारू सकाळपासून चावडीवर बसून राहिला. ग्रामसेवक आल्यावर त्यानं फडकं उलगडलं. चिचोके टेबलावर ठेवले. एकेक करून सगळं सांगितलं. वाटे कसे पडतात, त्यानं काय सांगितलं, बायांनी काय ऐकलं.

ग्रामसेवकानं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. तो बाहेरगावचा होता, बायको आजारी असायची, या गावाशी त्याचं घेणं कमी. तरीही त्यानं चिचोके स्वतः मोजून पाहिले.

"लटारूभाऊ, मडक्यात पडलं ते मत. हातात राहिलं तो चिचोका. कागद पंचायत समितीत गेला."

"पुन्हा घेता नाई येत?"

"पाच वर्षांनी. समिती पाच वर्षांची." मग तो म्हणाला, "गुणवंतरावांना सांगू का? टोली फुटली नव्हती म्हणून? निदान तेवढं तरी."

लटारूनं विचार केला. सांगितलं असतं तर गाव हसलं असतं. एक माणूस एक मत हे ढिवरांना कळत नाही, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालली असती. आणि ती हिंडत हिंडत कमळाबाईच्या कानावर गेली असती. मग तिला कळलं असतं की तिनं लहानूच्या बायकोचा हात धरला, त्या हातानं काय झालं.

"नाई," तो म्हणाला. "राहू द्या. टोली फुटली असंच राहू द्या."

त्यानं चिचोके पुन्हा फडक्यात बांधले.

त्या दिवसांत तो कमी बोलू लागला. टोलीला वाटलं, हरला म्हणून. ते त्याला समजावत. कमळाबाई त्याच्यासाठी झिंगे भाजून आणी आणि म्हणे, "आपण इमानदारीनं केलं ना, भाऊ. झालं तर मंग." तो मान हलवी. झिंगे खाई.

रोशनी चिचोक्यांशी खेळायची. तिनं एकदा अंगणात चौदा वाटे मांडले. एकेक ठेवून झाल्यावर तिच्या हातात काही राहिले.

"आजा, याचे वाटे पडत नाई. दहा उरतेत."

"उरले तर पाण्यात सोडाचे," तो म्हणाला. मासोळीचं तसंच करत.

"बुडतीन ना."

तो फाटलेलं जाळं शिवायला बसला.

दिवाळीला अमर आला. शाळेचं त्यानं विचारलंसुद्धा नाही. त्याला कोणीतरी बसस्टँडवरच सांगितलं होतं, तुह्या बापाले टोलीनंच पाडलं. तो बापावर नाही, टोलीवर चिडला होता.

"ह्या लोकाइसाठी मरून राह्यलात तुमी?"

"असं नको बोलू."

"मंग काय बोलू? चोवीस जणाइनं तोंड फिरवलं."

लटारूच्या जिभेवर आलं होतं. अमर त्याचा मुलगा होता. त्याला सांगायला हरकत नव्हती. पण अमर रागात होता, आणि अमरच्या तोंडून ते कमळाबाईच्या अंगणात गेलं असतं. लटारू रोशनीची चप्पल शोधत राहिला. एक सापडली. दुसरी पाळीवर, जाळ्याखाली होती.

सांडव्यात पाणी नव्हतं. पोरगी स्वतःच्या पायानं पलीकडे गेली. तिथे थांबून तिनं हात हलवला. मग बापाचं बोट धरून ती एसटीच्या रस्त्याला लागली. चिचोक्यांचं फडकं तिनं घरीच ठेवलं होतं. विसरली की मुद्दाम ठेवलं, ते तिलाच माहीत.

पुढे एकामागून एक सगळेच गेले. लहानूची दोन पोरं माजरीला कोळशाच्या कामावर. लहानू आणि त्याची बायको त्यांच्यामागं. कोणी आलापल्लीला लाकूडकटाईला गेलं ते परत आलंच नाही. ज्यांची पोरं लहान होती ते आधी गेले. शाळा जवळ पाहिजे, एवढंच ते सांगत. त्यात कोणाची चूक नव्हती. लटारू प्रत्येकाला सांडव्यापर्यंत पोचवायला जाई. घरं चौदाची नऊ झाली, नऊची पाच. वाटेही तेवढे झाले.

शेवटी तो आणि कमळाबाई उरले. तेव्हाही तो दोन वाटे मांडी. कमळाबाई तलावाकडे तोंड करून बसे.

"हा कोणाचा?"

"तुहा, घे," ती म्हणे.

"तसं नाई. नाव घे."

"लटारू पचारे," ती हसून म्हणे. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात तिला ताप आला आणि ती तीन दिवसांत गेली. शेवटच्या दिवशी ती शुद्धीत होती. तिनं त्याला विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. तिला माती दिल्यावर तो पाळीवर आला. जाळ्यात दोन मरळ होत्या. त्यानं दोन वाटे मांडले आणि पाठ करून बसला. तलाव समोर होता. मागून विचारायला कोणी नव्हतं.

पाच वर्षं झाली आणि दोन ऑक्टोबर आला. लटारू ग्रामसभेला गेला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. ग्रामसेवक नवीन होता. त्यानं तोच कागद वाचला, सात की अकरा. गुणवंतराव आता थकले होते, खुर्चीवर टेकून बसले होते. त्यांनी लटारूला पाहिलं.

"अकरा करा रे," ते म्हणाले. "आता पोरंच कमी झाले गावचे. सभासद तरी वाढवा."

या वेळी मडकी नव्हती. हात वर करायला सांगितलं. लटारूनं हात वर केला. टोलीत आता घर एक आणि माणूस एक. चुकायला जागा नव्हती.

अकरा झाले.

"ढिवरटोलीचा सभासद?" ग्रामसेवकानं विचारलं.

"लटारूले घ्या," गुणवंतराव म्हणाले. "त्याचा हक्क आहे."

ग्रामसेवकानं नाव लिहिलं. मग रकान्यावर पेन ठेवून विचारलं, "सभासद पालक पाहिजे. पोराचं नाव सांगा."

"रोशनी अमर पचारे."

"कितवीत?"

"सहावीत."

"इथल्या शाळेत?"

डोमा मागे बसला होता, तो जमिनीकडे पाहू लागला.

"गडचांदूरले," लटारू म्हणाला.

ग्रामसेवकानं नियम पुन्हा वाचला, पोर याच शाळेत पाहिजे. मग लिहिलेल्या नावावर एक बारीक रेघ ओढली. मुद्दाम बारीक, नाव वाचता यावं इतकी. अकरावी ओळ त्यानं तशीच सोडली आणि पुढचा विषय वाचायला घेतला.

लटारू उठला. पाळीवरून चालत सांडव्याशी आला. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता. पाणी मांडीपर्यंत होतं. त्यानं धोतर वर खोचलं आणि सवयीनं उजवा हात खांद्यावर नेला, पोरीचा पाय धरायला.

मग तो हात त्यानं खाली घेतला आणि पाण्यात उतरला.